गोटी, झडप आणि फेस

गेल्या चैत्रात आमच्या पुतण्याच्या मुलाने टाकव्याच्या रस्त्याला सोड्याची गाडी लावली. टाकवे बुद्रुक हे आंदर मावळाचे दार. पुणे-मुंबई हमरस्त्यावर कान्हे फाट्याला वळावे, रेल्वेचे रूळ ओलांडावेत, इंद्रायणीवरचा पूल मागे टाकावा, की आमचे गाव येते. माझ्या लहानपणी या रस्त्याने भाताच्या पोत्यांच्या बैलगाड्या जात. आता शिवारात कारखाने उभे राहिले आहेत. पाळी सुटली की माणसांचा लोंढा निघतो, आणि उन्हाळ्यात त्या लोंढ्याला तहान असते. पोराचा हिशेब काही चुकीचा नव्हता. पतसंस्थेचे कर्ज काढून त्याने चार तोट्यांचे यंत्र आणले. खाली वायूचे सिलिंडर, बाजूला बर्फाची पेटी, वर रंगीत छत्री. नारळ फोडून त्याने पहिला ग्लास माझ्या हाती दिला. ग्लास काठोकाठ भरलेला होता. पण त्यात सोडा बोटभर आणि बाकी सारा फेस!

मी हसलो, तोही हसला. आठ दिवसांनी मात्र तो हसेनासा झाला. फेस बसेपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही, आणि फेस ओतून पुन्हा भरावे तर सोडा जमिनीत मुरतो. सिलिंडर पंधरवडा पुरेल या बेताने त्याने हप्त्याचे गणित बांधले होते, ते आठवड्यातच रिकामे झाले. एके रात्री तो माझ्यापाशी येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, तुम्ही जन्मभर लेथवर झडपा कातल्या. हा फेस का येतो तेवढं सांगा. निम्मा सोडा वाया जातो."

चिंचवडच्या एका कारखान्यात मी पस्तीस वर्षे टर्नर होतो. पाण्याच्या, तेलाच्या, वाफेच्या झडपा मी कातल्या. पण झडप गळू नये एवढीच विद्या मला येत होती. जे गळत नाही, पण सोडताना उसळते, त्याचे काय करावे हे मला ठाऊक नव्हते. त्या रात्री मी पोराला उत्तर देऊ शकलो नाही. पुढे पावसाळाभर वाचन केले, पुण्याच्या फेऱ्या मारल्या, आणि शेवटी उत्तर सापडले ते पुष्कळसे आमच्याच माळ्यावर. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आरंभ बराच दूरचा आहे. १७६७ साली इंग्लंडात लीड्स या गावी जोसेफ प्रीस्टली नावाचा एक धर्मोपदेशक राहत होता. त्याच्या घराजवळ बिअरची भट्टी होती. आंबणाऱ्या पिंपावर एक जड वायू साचून राहतो, त्यात जळती काडी धरली तर ती विझते, हे त्याने पाहिले. त्या वायूत पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतता ओतता पाण्याला चुणचुणीत चव येते हेही त्याच्या ध्यानात आले. आमच्या जुन्या शाळापुस्तकांत ज्याला कर्बाम्ल वायू म्हणत आणि आज मुले ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तोच हा वायू. १७७२ साली प्रीस्टलीने ही कृती पुस्तिकारूपाने छापली. तिच्यातून एक पैसाही त्याने मिळवला नाही. पैसा मिळवण्याची युक्ती योहान याकोब श्वेप या जिनीव्हाच्या घड्याळजी-जवाहिऱ्याला सुचली. १७८३ साली त्याने पंपाने वायू दाबून सोडावॉटर करण्याचा धंदा काढला आणि पुढे तो लंडनला गेला.

येथपर्यंत सारी कथा वायू पाण्यात कोंडण्याची आहे. तिचा नियम मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने १८०३ साली सांगितला : जितका दाब, तितका वायू पाण्यात विरघळतो. दुसरी गोष्ट अशी की पाणी जितके गार, तितका वायू त्यात अधिक मावतो. साध्या हवेच्या दाबाला ० अंशाचे पाणी स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे १.७ पट वायू पोटात घेते. ३० अंशाचे पाणी घेते जेमतेम दोनतृतीयांश पट. आता सोड्यात चार पट वायू कोंडला असे धरा. बर्फातल्या बाटलीत त्याचा दाब हवेच्या दाबाच्या अडीचपटीहून थोडा कमीच राहील. तीच बाटली मावळातल्या वैशाखात उन्हाला ठेवली तर दाब सहापट होईल. पोराच्या गाडीवर दुपारचा पहिला ग्लास निव्वळ फेसाचा का निघे, याचे अर्धे उत्तर या दोन आकड्यांत आहे. तोटी पितळेची, उन्हात तापलेली. गार सोडा तिच्यात शिरला की वायूला धीर कुठला!

उरलेले अर्धे उत्तर बुडबुड्याच्या जन्मात आहे. दाब काढला म्हणजे वायू लगेच बाहेर पडतो असे नाही. त्याला जन्माला यायला जागा लागते. काचेवरचा ओरखडा, पुसलेल्या फडक्याचा तंतू, मिठाचा कण, यांच्या खाचीत हवेचा सूक्ष्म कोष अडकलेला असतो. वायू तेथे जमतो आणि बुडबुडा सुटतो. म्हणूनच ग्लासात आधी मीठ टाकून वर सोडा ओतला की तो उतू जातो. द्रव खळबळला, अरुंद फटीतून फवारत निघाला, तरी असेच कोष क्षणात हजारोंनी तयार होतात. साध्या सोड्यातले बुडबुडे वर येऊन लगेच फुटतात. साखरेच्या पाकाने दाट झालेल्या पेयात ते रेंगाळतात, एकमेकांवर चढतात, आणि त्यालाच आपण फेस म्हणतो.

तेव्हा सोड्याच्या झडपेपुढे दोन कामे असतात. पहिले, वायू जाऊ न देणे. दुसरे, पेय बाहेर सोडताना त्याला खळबळ न देता दाब उतरवणे. पहिल्या कामाची उत्तरे लवकर सापडली. दुसऱ्यासाठी माणसाला बराच काळ झगडावे लागले.

आधी होते बूच. बूच सुकले की आकसते आणि वायू निसटतो. म्हणून बाटली उभी ठेवताच येऊ नये, ती आडवी पडून बूच भिजलेले राहावे, यासाठी अंड्यासारख्या बुडाच्या बाटल्या निघाल्या. मग आला हायरम कॉड. हा गृहस्थ १८३८ साली जन्मलेला इंग्रज. आधी बुचांच्याच व्यापारात होता, म्हणजे बुचाचे दोष त्याला घरचे होते. १८७० आणि १८७२ या वर्षांत त्याने जी बाटली सिद्ध केली, ती आपणा सर्वांच्या ओळखीची आहे : गळ्याला चिमटा घेतलेली, आत काचेची गोटी असलेली हिरवट बाटली. गोटीला ना स्प्रिंग, ना दांडा. गळ्यात रबराची कडी; बाटली उलटी धरून भरायची; सुलटी करण्यापूर्वीच वायूचा दाब गोटीला कडीवर दाबून बसवतो. जो वायू पळून जाऊ पाहतो, तोच दाराला आतून खांदा लावून उभा राहतो! दाब वाढला की दार अधिकच घट्ट. मी पस्तीस वर्षे झडपा कातल्या, पण इतकी साधी झडप माझ्या हातून कधी गेली नाही.

मात्र ती फक्त पहिले काम करते. अंगठ्याने किंवा लाकडी टोपीने गोटी आत ढकलली की सारा दाब एका झटक्यात सुटतो, आणि कडीभोवतीच्या कोरभर फटीतून सोडा फवारत वर येतो. कॉडने दार उत्तम केले. उंबरठा करायचा राहिला.

ही बाटली आपल्याकडे आली आणि येथलीच होऊन बसली. सोड्याचा धंदा मुंबई-पुण्याला प्रथम रुजवला तो पारशी आणि इराणी मंडळींनी. मुंबईत पालनजींचा कारखाना १८६५ सालचा. पुण्याच्या लष्करात अर्देशिर खोदादाद इराणी यांनी १८८४ साली सोडा करायला सुरुवात केली. दिनशा पांडोळे यांनी १८८९ साली ‘ड्यूक्स’ काढले. हे गृहस्थ क्रिकेट खेळणारे. विलायतेतल्या ज्या प्रसिद्ध कंपनीचा चेंडू ते खेळत, तिचेच नाव त्यांनी सोड्याला दिले. खंडाळ्याला घाटाच्या कडेवर ‘ड्यूक्स रिट्रीट’ उभे राहिले ते याच घराण्याचे. पारशांच्या धंदेवाचक आडनावांत ‘सोडावॉटरबॉटलओपनरवाला’ हे आडनाव विनोदाने सांगितले जाते, ते उगाच नव्हे. आणि मुंबईच्या दंगलींच्या जुन्या बातम्यांत दगडांच्या जोडीला सोडावॉटरच्या बाटल्या असत, तेही उगाच नव्हे. हलवून फेकलेली भरली बाटली बाँबगोळ्यासारखीच फुटे.

कान्ह्याला स्टेशनाबाहेर आमच्या चुलत्यांचे, तात्यांचे, दुकान होते. मी आठ-दहा वर्षांचा असेन. म्हणजे १९६० च्या आगेमागे. पुण्याहून जुने घेतलेले सोड्याचे यंत्र दुकानाच्या मागच्या पडवीत होते. लोखंडी चौकट, तीत फिरणारी पेटी, बाजूला हात. पाणी आणि अर्क घातलेल्या बाटल्या पेटीत बसवायच्या, झाकण घट्ट आवळायचे, सिलिंडरचा वायू सोडायचा आणि हात फिरवून पेटी गरगरवायची. बाटल्या उलट्या झाल्या की आत गोट्या टकाटक बसल्याचा आवाज येई. तो आवाज ऐकायला आम्ही पोरे पडवीच्या दारात बसत असू. आत यायची मात्र सक्त मनाई होती.

मनाई का होती ते एका वैशाखात कळले. त्या दिवशी वडगावच्या पोटोबाच्या उत्सवासाठी माल भरायचा होता. तात्यांनी झाकण उघडले आणि एक बाटली हातात घेतली, तोच ती फुटली. मी दाराशी होतो. आवाज आठवत नाही. आठवतो तो तात्यांचा चेहरा, आश्चर्याने भरलेला, आणि मग हिरव्या काचांवर सांडलेले रक्त. उजव्या अंगठ्याची शीर तुटली. जखम भरली, पण तो अंगठा पुन्हा वाकला नाही. गोटी दाबायची ती अंगठ्याने. त्यामुळे पुढची सारी वर्षे तात्यांनी बाटल्या डाव्या हाताने फोडल्या. त्यानंतर झाकणावर ओले गोणपाट टाकल्याशिवाय त्यांनी पेटी उघडली नाही, आणि प्रत्येक बाटली उन्हाकडे धरून, फिरवून पाहिल्याशिवाय भरली नाही.

ते काय पाहत असत, हे मला तळेगावला कळले. तळेगाव दाभाडे आमच्याच मावळात. तेथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा वर्गणी गोळा करून स्वदेशी उद्योग उभारण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले, आणि जपान-अमेरिकेत काचेची विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय भट्टीवर उभे राहिले. आठ वर्षांनी, १९१६ साली, ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला काच कारखाना काढला. घरोघरी लागलेला प्रभाकर कंदील तेथला. आम्हाला शाळेतल्या गुरुजींनी एकदा तळेगावची भट्टी दाखवायला नेले होते. लाल गोळा फुंकून त्याचे भांडे होते, हे पाहून आम्ही थक्क झालो; पण तेथल्या एका वृद्ध कारागिराने आमचे लक्ष दुसरीकडेच वळवले. भांडे झाले की ते उचलून बाहेर ठेवायचे नाही. दुसऱ्या, कमी तापलेल्या भट्टीत ठेवून सावकाश निववायचे. एकदम गार केले तर बाहेरची काच आधी आखडते, आतली मागाहून आखडू पाहते, आणि त्या ओढाताणीचा ताण काचेत कायमचा राहतो. भांडे वरून चांगले दिसते. मग कधीतरी, एखाद्या ओरखड्याच्या निमित्ताने, ते हातात फुटते.

मी घरी येऊन हे तात्यांना सांगितले. त्यांनी आपल्या आखडलेल्या अंगठ्याकडे पाहिले आणि इतकेच म्हणाले, "म्हणजे तिला घाईनं निववली असेल."

तात्यांची गोटी फोडण्याची एक पद्धत होती. नवशिका माणूस दणका देऊन गोटी खाली पाडतो आणि निम्मी बाटली स्वतःच्या सदऱ्यावर घेतो. तात्या गोटीवर डावा अंगठा ठेवून केसभर दाबत. बारीक ‘फुस्स’ असा आवाज येई. तो थांबेपर्यंत ते गिऱ्हाइकाशी पावसापाण्याचे बोलत. बाटलीच्या मानेतला वायू जाऊ द्यायचा, सोडा हलू द्यायचा नाही. मग एक हलका धक्का, गोटी ‘टक्’ करून खाली, आणि बाटली तिरपी करताना गळ्याचे दोन खळगे खालच्या बाजूला, म्हणजे गोटी खळग्यात अडकून वाट मोकळी राहते. थेंब सांडत नसे. कॉडने जो उंबरठा केला नव्हता, तो तात्यांच्या अंगठ्यात होता.

पण अंगठ्याची विद्या कारखान्याला चालत नाही. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ साली पत्र्याचे दातेरी बूच काढले. ते यंत्राने धडाधड बसते आणि बाटली साधी, स्वस्त राहते. विलायतेत त्याने गोटी मागे टाकली. आपल्याकडे गोटी आणखी पुष्कळ वर्षे तगली. मग तीही हटली. १९७७ साली कोकाकोला देशातून गेला, थम्स अप आले, आणि आमच्या तालुक्यातल्या लग्नांत गोटी सोडा देणे गावंढळपणाचे ठरले. तात्यांनी त्यानंतर दोन-तीन वर्षांत यंत्र भंगारात घातले. बाटल्या तेवढ्या ठेवल्या. त्याही पोरांनी गोट्यांच्या लोभाने एकेक करून फोडल्या. १९९३ साली कोकाकोला परत आला, १९९४ साली ड्यूक्स पेप्सीने घेतले. गंमत अशी की २०२५ साली भारत सरकारच्या अपेडा या संस्थेने गोटी सोडा अमेरिका, इंग्लंड आणि आखाती देशांत निर्यात होत असल्याचे कौतुकाने जाहीर केले. तात्या असते तर म्हणाले असते, "तिकडच्या पोरांपासून बाटल्या सांभाळा."

आता दुसऱ्या कामाकडे, म्हणजे हळू सोडण्याकडे, वळतो. त्याची वाट गोटीच्याही आधी फ्रान्समध्ये निघाली होती. १८२९ साली देल्यूझ आणि दुतिये या दोघांनी बुचातून आत फिरवून घालायची पोकळ, तोटी असलेली मळसूत्री नळी काढली. १८३७ साली आंत्वान पेर्पिन्या याने बाटलीच्या डोक्यावर स्प्रिंगची झडप बसवली, आणि सायफन जन्माला आला. जुन्या चित्रपटांत श्रीमंताच्या मेजावर जाळीने मढवलेली, नळीच्या तोटीची बाटली दिसते ती हीच. बाटलीच्या तळापर्यंत काचेची नळी गेलेली. वरच्या जागेत वायू. खटका दाबला की वायू सोड्याला खालून नळीत रेटतो आणि सोडा तोटीतून येतो. बोट काढले की स्प्रिंग दार लावते.

हिच्यात आणि गोटीत फरक कोठे आहे ते पाहावे. गोटी फोडली की सगळ्या बाटलीचा दाब जातो. सायफन दाबला की जेवढा सोडा दारातून गेला तेवढ्याचाच दाब जातो, मागचा सोडा शांत राहतो. हे मोठे पाऊल होते. पण जो थेंब दारातून जातो, त्याच्यावर तोच प्रसंग : आत पाच-सहापट दाब, बाहेर एकपट, आणि मधे फक्त एक फट. सगळी उतरण त्या फटीतच, आणि म्हणून फवारा आणि फेस.

या अडचणीतून सुटका कशी झाली ते सांगण्यापूर्वी वाचकांना आमच्या गावाच्या वरच्या अंगाला नेतो. आंदर मावळात टाटांचे ठोकरवाडीचे धरण आहे, १९२२ सालचे. त्याचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली कोकणात भिवपुरीला जाते आणि वीज करते. तेथे अभियंत्याची काळजी अशी असते की उंचीमुळे पाण्याला आलेला दाब नळात वाया जाऊ नये, तो शेवटच्या तोटीपर्यंत शाबूत पोहोचावा. म्हणून नळ रुंद. अरुंद आणि लांब नळ घातला, तर पाण्याचा जोर नळाच्या भिंतींशी घासण्यातच खर्च होईल. वीज करणाऱ्याला हा तोटा. पण सोडा विकणाऱ्याला हेच हवे आहे! सोड्याचा दाब तोटीच्या फटीत एकदम न घालवता अरुंद, लांब नळीत घासत घासत थोडा थोडा खर्चू दिला, तर तो तोटीशी येईपर्यंत जवळजवळ संपलेला असतो, आणि सोडा विहिरीच्या पन्हळीतून पाणी पडावे तसा पडतो.

आज सिनेमागृहात किंवा उपाहारगृहात जी पेय देणारी झडप असते, तिच्यात हीच गोष्ट बोटभर जागेत केलेली आहे. सोड्याच्या वाटेत बाहीतून सरकणारा एक लहान दट्ट्या, मागे स्प्रिंग. मागून दाब वाढला की दट्ट्या सरकून वाट आक्रसतो, कमी झाला की मोकळी करतो. धार एकसारखी राहते. पुढे तोटीत चकत्यांची उतरंड. सोडा एका पायरीवरून दुसरीवर येतो आणि प्रत्येक पायरीला थोडा दाब ठेवून पुढे जातो. पाक वेगळ्या छिद्रातून, साधारण पाच भाग सोड्याला एक भाग, आणि दोघांची भेट अगदी शेवटी, ग्लासाच्या तोंडाशी. कारण पाक आधीच मिसळला तर वाटभर फेस. बिअर ओतण्याच्या काही तोट्यांत दट्ट्याऐवजी निमुळता शंकू असतो. त्याच्याभोवतीच्या पातळ फटीतून द्रव लांबवर घासत जातो. युक्ती निराळी, तत्त्व तेच.

हे सारे समजून मी श्रावणात पोराच्या गाडीवर गेलो. फेस कमी व्हावा म्हणून त्याने सिलिंडरचा दाब उतरवून ठेवला होता. प्रत्येक जण हेच करतो आणि येथेच फसतो. दाब उतरला की सोड्याला वायू धरवत नाही; तो नळीतच सुटू लागतो आणि तोटीतून निम्मा वायू, निम्मे पाणी येते. दुसरे, फेसाच्या भीतीने तो तोटी अर्धीच उघडत होता. म्हणजे मुद्दाम बारीक फट करून फवारा उडवत होता. तिसरे, पिंपापासून तोटीपर्यंतची नळी हातभर लांबीची आणि बोटभर रुंदीची. यंत्र वाईट नव्हते. दाब खर्चायला त्यात वाटच नव्हती.

आम्ही पाच मिलिमीटर भोकाची वीस फूट नळी आणली, तिचे वेटोळे करून बर्फाच्या पेटीत बसवले, तोटीला ओले फडके गुंडाळून सावलीत घेतले आणि दाब पुन्हा वाढवला. पोर घाबरले. "आबा, आता तर छत उडेल." मी म्हणालो, "तोटी पूर्ण उघड." त्याने डोळे बारीक करून तोटी ओढली. ग्लास तिरपा धरला होता. धार काचेवरून सरळ उतरली. वर फेस आला तो दोन बोटे, शोभेपुरता. पोर काही बोलले नाही. त्याने तो ग्लास पिऊन टाकला आणि दुसरा भरला, मग तिसरा. मीठ-लिंबू शेवटी घालायचे, हे मात्र मला दोनदा सांगावे लागले.

तात्या हळू दाबायचे आणि मी तोटी पूर्ण उघडायला सांगतो, यात विरोध आहे असे त्याला वाटले. मी त्याला माळ्यावर नेले. तेथे तात्यांची शेवटची बाटली आहे, पोरांच्या हातून वाचलेली एकुलती एक. ती पाण्याने भरून, गोटीवर माझा अंगठा ठेवून मी त्याला दाखवले : तात्यांचा हात सावकाश होता, कारण बाटलीला दुसरा सावकाशपणा नव्हता. तुझ्या गाडीत तो सावकाशपणा नळीत घातला आहे. म्हणून हाताला घाई चालते. तळेगावच्या भट्टीत तो निवण्याच्या कोठीत होता. कोठेतरी तो असावा लागतो. तो नसला की काच तरी फुटते, नाहीतर सोडा तरी जमिनीत जातो.

सिलिंडर आता पंधरवड्याला दोन दिवस कमी पुरते. दसऱ्याचा हप्ता वेळेवर गेला. तात्यांची बाटली पोराने गाडीवर समोरच मांडून ठेवली आहे. कारखान्यातली मोठी माणसे ती पाहून आपापल्या गावच्या जत्रेच्या गोष्टी सांगतात. आणि शाळेतून परतणारी मुले, सोडा पिऊन झाला की, ती गोटी बाहेर कशी काढायची तेवढे विचारतात.